दखल कोणी घ्यायची?

कायद्याचं पुस्तक हे काही दुपारची भांडी आवरल्यावर घेऊन बसायचं पुस्तक नव्हे, असं आमच्या घरात सगळ्यांचंच मत आहे. मी मात्र गेला चातुर्मासभर तेच वाचत होते. या वयात वकील व्हायचा विचार नाही. पण मराठी घेऊन बी.ए. झालेल्या बाईला एक खोड असते. कुठलंही पुस्तक हाती आलं की ती आधी अनुक्रमणिका बघते. लेखकाने काय पुढे घेतलं, काय मागे ढकललं, कशाला स्वतंत्र प्रकरण दिलं आणि कशाला कोपऱ्यात बसवलं, यावरून त्याचं मन कळतं. भारतीय न्याय संहिता मी याच खोडीने वाचली. १ जुलै २०२४ पासून ती देशभर लागू आहे. बेळगावात, सांगलीत, इंदुरात, बडोद्यात, सगळीकडे गुन्हा कशाला म्हणायचं ते आता हेच पुस्तक ठरवतं. ज्या पुस्तकाप्रमाणे आपल्याला वागवलं जाणार, त्याचं परीक्षण आपणच करायला नको का?

आधी जुन्या पुस्तकाविषयी. मेकॉलेच्या आयोगाने १८३७ साली त्याचा मसुदा केला, १८६० साली तो कायदा झाला आणि १ जानेवारी १८६२ पासून अमलात आला. ५११ कलमं होती त्यात. मांडणी पाहिली की राज्यकर्त्याचं मन लख्ख दिसतं. पहिले गुन्हे सरकारविरुद्धचे. मग लष्कर, सार्वजनिक शांतता, सरकारी नोकर, नाणी आणि स्टँप, वजनं-मापं, धर्म. माणसाच्या शरीराची पाळी सोळाव्या प्रकरणात येते. म्हणजे आधी खजिना, मग जीव. बायकोचा छळ तर त्या पुस्तकात मुळात नव्हताच. १९८३ साली ४९८-अ हे कलम घातलं, तेही 'वीस-अ' असं जोडप्रकरण करून. घर बांधून झाल्यावर मागच्या अंगणात पत्र्याची खोली काढावी तसं.

नव्या पुस्तकात ३५८ कलमं आहेत. व्याख्या, शिक्षा, अपवाद, चिथावणी आणि कट अशी चार प्रकरणं झाली की प्रत्यक्ष गुन्ह्यांचं पहिलं प्रकरण येतं, ते स्त्रिया आणि मुलं यांच्याविरुद्धच्या गुन्ह्यांचं. सरकारविरुद्धचे गुन्हे त्याच्या मागे गेले. हे चांगलं झालं. अनुक्रमणिकेने तरी बाईला ओट्यापासून उठवून पुढच्या खोलीत आणून बसवलं.

पण पाहुणीला पुढच्या खोलीत बसवलं म्हणजे तिचा मान राखला असं होत नाही, हे आपण बायका चांगलं ओळखून आहोत. त्या प्रकरणाच्या आत शिरल्यावर तीन ठिकाणी मी थबकले. पहिलंच कलम, ६३वं, बलात्काराचं. त्याच्या शेवटी अपवाद आहे: बायको अठरा वर्षांवरची असेल तर नवऱ्याचा संबंध हा बलात्कार नव्हे. प्रकरणाच्या दारातच नवऱ्यासाठी ही वेगळी वाट ठेवली आहे. दुसरं, हुंडाबळी. जुन्या पुस्तकात हे कलम मनुष्यवधाच्या शेजारी, जीव घेण्याच्या गुन्ह्यांत होतं. आता ते ८०वं कलम झालं आणि 'विवाहासंबंधीचे गुन्हे' या मथळ्याखाली आलं. जळून मेलेली मुलगी खुनाच्या पंगतीतून उठवून लग्नाच्या पंगतीत बसवली. शिक्षा कमी झालेली नाही, पण मथळाही काही सांगत असतो. तिसरं, ८४वं कलम, दुसऱ्याच्या बायकोला फूस लावून नेण्याचं. हा गुन्हा कोणाविरुद्ध? नीट वाचलं तर नवऱ्याविरुद्ध, त्याची वस्तू गेली म्हणून. तो स्त्रियांच्या प्रकरणात काय करतोय?

हे झालं प्रकरणांचं. पण बाईचं नशीब प्रकरणावर ठरत नाही. ते एका तक्त्यावर ठरतं, आणि तो तक्ता या पुस्तकात नाहीच. तो दुसऱ्या पुस्तकात आहे, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या पहिल्या परिशिष्टात. तिथे प्रत्येक कलमापुढे रकाने आहेत: शिक्षा किती, गुन्हा दखलपात्र की अदखलपात्र, जामीनपात्र की अजामीनपात्र, खटला कोणत्या न्यायालयात. कोणते गुन्हे आपसात मिटवता येतात त्याची यादी आणखी वेगळी, त्याच संहितेच्या ३५९व्या कलमात.

हे शब्द आपण पेपरात रोज वाचतो. अर्थ मात्र साधा आहे. दखलपात्र म्हणजे पोलिसांनी खबर नोंदवायची, तपास सुरू करायचा, आणि गरज असेल तर वॉरंट नसतानाही अटक करता येते. अशी खबर नोंदवणं पोलिसांना बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी खटल्यात २०१३ साली सांगितलंय. अदखलपात्र म्हणजे पोलीस नुसती नोंद करणार, ज्याला आपण 'एनसी' म्हणतो, आणि न्यायाधीशाच्या हुकुमाशिवाय तपासाला हात लावणार नाहीत. जामीनपात्र म्हणजे जामीन हा आरोपीचा हक्क. अजामीनपात्र म्हणजे जामीन मिळूच शकत नाही असं नाही. मिळू शकतो, पण तो न्यायालयाने विचार करून द्यायचा.

माझी नणंद इंदूरला असते. तिच्याकडे याच गोष्टीला हिंदीत 'असंज्ञेय' म्हणतात. मला पाठशाळेतले असंज्ञी जीव आठवले, ज्यांना मन नाही ते. "वहिनी, तुमच्या मराठीत निदान स्पष्ट तरी म्हटलंय, दखल घेण्याच्या लायकीचं नाही म्हणून," असं ती म्हणाली. हसलो आम्ही दोघी. पण हसण्यासारखं त्यात फारसं नाही.

आता तो तक्ता वाचूया. एखाद्याने तुमचा वीस हजारांचा मोबाइल चोरला. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. गुन्हा दखलपात्र, अजामीनपात्र. एखाद्याने तुमच्या थोबाडीत मारली, हात पिरगळला, पाठीत गुद्दे घातले. साधी दुखापत, कलम ११५(२). शिक्षा एक वर्षापर्यंत किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गुन्हा अदखलपात्र, जामीनपात्र. इथपर्यंत कुणी म्हणेल, शिक्षेप्रमाणे रकाना ठरला, त्यात काय? तर पुढची ओळ बघा. पहिली बायको नांदत असताना नवऱ्याने दुसरं लग्न केलं, कलम ८२. शिक्षा सात वर्षांपर्यंत. चोरीच्या दुपटीहून जास्त. आणि रकान्यात काय? अदखलपात्र, जामीनपात्र. मोबाइल गेला तर पोलीस धावतील. संसार गेला तर बाईने स्वतः वकील गाठायचा, स्वतः न्यायालयात फिर्याद करायची, लग्न लागल्याचे पुरावे स्वतः गोळा करायचे.

नव्या पुस्तकाने चोरीच्या बाबतीत मात्र थोडा विचार केलाय. पाच हजारांहून कमी किमतीची वस्तू, पहिलीच वेळ आणि वस्तू परत केली, तर समाजसेवेची शिक्षा. तो गुन्हाही अदखलपात्र केला. म्हणजे हे रकाने काही देवाने आखलेले नाहीत. बदलायचे म्हटले तर बदलतात. कोणाला बदलावेसे वाटतात, एवढाच प्रश्न.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर हे परीक्षण न होता नुसती तक्रार होईल. सगळंच दखलपात्र केलं तर काय होईल? गल्लीतल्या प्रत्येक भांडणात पोलिसाला घरात शिरून माणूस उचलायचा अधिकार मिळेल. दखल म्हणजे अधिकार, आणि अधिकार नेहमी सज्जनाच्याच हातात असतो असं नाही. ४९८-अ दखलपात्रही होतं आणि अजामीनपात्रही. त्यात सरसकट अटका होऊ लागल्या, म्हाताऱ्या सासवा आणि दूरच्या नणंदाही गजाआड जाऊ लागल्या, तेव्हा २०१४ साली अर्नेश कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना बजावलं की आधी कारणं तपासा, उठसूट अटक नको. मला ते बरोबर वाटतं. अटक ही शिक्षा नव्हे. रकान्यांमागचं शहाणपण हेच आहे की सरकारने पहिल्या पावलाला किती जोर लावायचा, ते ते सांगतात. चूक किती मोठी, हे सांगायला ते आखलेलेच नाहीत.

घोटाळा होतो तो इथेच. आपण ते रकाने पापाची उतरंड म्हणून वाचतो. 'अदखलपात्र' म्हटलं की पोलीस ठाण्यापासून माजघरापर्यंत सगळे म्हणतात, चला, विशेष काही नाही.

साधी दुखापत आणि जबर दुखापत यांच्यातली रेघ कुठे आहे, तेही पाहण्यासारखं आहे. ११६व्या कलमात जबर दुखापतीचे आठ प्रकार दिलेत. डोळा जाणं, कान जाणं, अवयव किंवा सांधा निकामी होणं, चेहरा कायमचा विद्रूप होणं, हाड मोडणं किंवा निखळणं, दात पडणं असे. आठवा प्रकार मोजमापाचा. जिवाला धोका होईल अशी इजा, किंवा पंधरा दिवस तीव्र वेदना, किंवा पंधरा दिवस आपले नेहमीचे व्यवहार करता न येणं. जुन्या पुस्तकात इथे वीस दिवस होते. नव्याने पाच दिवस कमी केले, हे त्याच्या बाजूने लिहून ठेवते.

पण 'नेहमीचे व्यवहार' म्हणजे कोणाचे? दुकानदार पंधरा दिवस गल्ल्यावर बसला नाही तर ते दिसतं. गिरणीतला कामगार गेला नाही तर हजेरीपटावर खाडा लागतो. घरातल्या बाईचा खाडा कोण लावतो? आमच्या ओळखीतल्या एका घरात सुनेचं मनगट नवऱ्याने असं पिरगळलं की संध्याकाळपर्यंत ते भोपळ्यासारखं सुजलं. एक्स-रे काढला, हाड शाबूत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले तेव्हा ती डाव्या हाताने भाकरी थापत होती. "दुखतंय गं खूप, पण पोरांचे डबे हायत," म्हणाली. चौदा दिवस ती तशीच डाव्या हाताने करत राहिली. ठाण्यात एनसी झाली. तिच्या हातात जो कागद पडला तो कन्नडमध्ये, तिला वाचता येत नव्हता, मी वाचून दाखवला. कायद्याच्या भाषेत तिचे नेहमीचे व्यवहार एक दिवसही थांबले नव्हते. खरंच आहे ते. आपले थांबतच नाहीत. ताप असो, बाळंतपण असो, घरात कुणी गेलेलं असो, चूल थांबत नाही. जी बाई पडून राहू शकत नाही तिची दुखापत या व्याख्येत साधीच ठरण्याचा संभव जास्त. वेदना हा दुसरा निकष आहे, पण तो सिद्ध कशाने करायचा? निजायची सोय असलेल्यालाच वेदनेचा पुरावा देता येतो.

या कलमावरचा माझा मुख्य आक्षेप हाच आहे. मोजमाप हवं, ते मान्य. न्यायाधीशाला काहीतरी हातात धरायला लागतंच. पण मापाचं भांडं बाहेर काम करणाऱ्या माणसावरून घडवलंय, आणि घरातलं दुःख त्यात ओतलं की ते तळाशीच राहतं. वीसाचे पंधरा करताना हे भांडंही तपासायला हवं होतं.

आता आपल्या पुस्तकाकडे वळते. ते कायद्याहून श्रेष्ठ आहे असं सांगायला नव्हे. दोन वर्गीकरणं शेजारी ठेवली की दोन्ही नीट दिसतात म्हणून. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार दिलेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. बांधून ठेवणं, मारणं, अंग छेदणं, पेलणार नाही एवढं ओझं लादणं, खाणंपिणं तोडणं. दशलक्षणात दरवर्षी आपण ते ऐकतो आणि बैलाला, गड्याला लावून मोकळे होतो. एकदा घरातल्या सुनेला लावून बघा. बाहेर पडू न देणं हा बंध. पहाटेपासून रात्रीपर्यंत राबवणं हा अतिभार. सगळ्यांचं झाल्यावर उरेल ते वाढणं, रागाच्या भरात उपाशी ठेवणं हा अन्नपाननिरोध. यातल्या एकाही गोष्टीने हाड मोडत नाही. तरी आचार्यांनी त्या मारण्याच्याच ओळीत ठेवल्या.

तसंच सहाव्या अध्यायातलं ते एकशेआठचं गणित. संरंभ, समारंभ, आरंभ हे तीन. (समारंभ म्हणजे हळदीकुंकू नव्हे हो, कृतीसाठी साधनांची जुळवाजुळव.) ते मनाने, वाचेने, कायेने. स्वतः केलेलं, करवलेलं, अनुमोदलेलं. आणि चार कषाय. तीन गुणिले तीन गुणिले तीन गुणिले चार. जपमाळेचे मणी यावरूनच एकशेआठ, असं आपल्याकडे सांगतात. कायदा यातलं काय घेतो? केलेलं घेतो. करवलेलंही घेतो, चिथावणी म्हणून. मनातला नुसता विचार सोडून देतो, तयारीही बहुतेक वेळा सोडतो, आणि मनातल्या मनात दिलेलं अनुमोदन तर त्याच्या हिशेबातच नाही. ते योग्यच आहे. मनातल्या विचारांसाठी तुरुंग बांधायला लागलं तर बाहेर कोण राहील? तो हिशेब ज्याचा त्याने प्रतिक्रमणात करायचा. मात्र कायद्याने सोडलं म्हणून आपणही सोडलं, असं करून चालणार नाही. भिंतीपलीकडून आवाज येतो आणि आपण टीव्हीचा आवाज वाढवतो, हे कुठल्या मण्यावर मोजायचं?

कायद्यातही या दुसऱ्या दृष्टीच्या जवळ जाणारं एक पुस्तक आहे, आणि मैत्रिणींनो, ते प्रत्येकीला माहीत असायला हवं. २००५ सालचा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा, २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू. त्याने हिंसेचे चार प्रकार मानले: शारीरिक, लैंगिक, शाब्दिक व मानसिक, आणि आर्थिक. खर्चाला पैसे न देणं, स्त्रीधन अडकवून ठेवणं, हेसुद्धा हिंसाच. इथे हाड मोजत नाहीत. संरक्षण अधिकाऱ्यामार्फत किंवा थेट न्यायाधीशाकडे अर्ज करता येतो, राहत्या घरातून काढू नये असा आदेश मिळू शकतो. आणि यातली खरी गंमत पुढे आहे. संरक्षणाचा आदेश मिळाल्यावर नवऱ्याने तो मोडला, तर तो गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. म्हणजे आधी ज्या थपडेची दखल नव्हती, ती आदेशानंतर दखल घेण्याजोगी होते. रकाना ओलांडायची एक वाट कायद्यानेच ठेवलीय. ती आपल्याला कुणी सांगत नाही.

आणखी एक गोष्ट कामाची. तक्रारीत अनेक गोष्टी असतील आणि त्यातली एक जरी दखलपात्र असेल, तर सगळं प्रकरण दखलपात्र धरायचं असा नियम आहे. म्हणजे वर्गीकरण पोलिसांच्या आधी कोण करतं? आपण, आपल्या बोलण्यातून. "थोडंसं मारलं." "रागात हात उचलला जातो त्यांचा." "तसे ते चांगले आहेत." त्या सुनेने ठाण्यात फक्त मनगटाचं सांगितलं. माहेरून पैसे आणायचा तगादा, त्यासाठी दोन वर्षं चाललेली मारहाण, हे सांगितलंच नाही, घरची अब्रू म्हणून. सांगितलं असतं तर ८५वं कलम उभं राहत होतं, आणि ते दखलपात्र आहे. कागदावर चढायच्या आधीच तिने आपलं दुःख छोटं करून दिलं. हे तिला कोणी शिकवलं, ते आपल्याला ठाऊक आहे.

शेवटी मिटवण्याविषयी. त्या रात्री त्या घरी समाजातली चार वडीलधारी माणसं आली. चहा झाला. "आपल्यात असं चव्हाट्यावर नेत नाहीत," असं ठरलं. आपला धर्म क्षमेचा आहे, हेही कुणीतरी म्हणालं. सून आत होती. तिला कुणी विचारलं नाही.

घरी येऊन मी ते ३५९वं कलम पुन्हा उघडलं. त्या यादीत एक स्वतंत्र रकाना आहे, गुन्हा कोणी मिटवायचा याचा. साध्या दुखापतीपुढे लिहिलंय: ज्याला दुखापत झाली त्याने. सासऱ्याने नाही, बापाने नाही, पंचांनी नाही. चोरीपुढे ज्याची वस्तू गेली त्याने. दुसऱ्या लग्नापुढे फसवल्या गेलेल्या जोडीदाराने, तेही न्यायालयाच्या परवानगीने. बायकोच्या छळाचं कलम तर या यादीत नाहीच. दोघांचं खरोखर जमलं तर ते रद्द करायला उच्च न्यायालयातच जावं लागतं. अख्ख्या तक्त्यात मला सगळ्यात शहाणा वाटला तो हा रकाना. क्षमावाणीच्या दिवशी आपण हात जोडून जे म्हणतो, त्याचा अर्थही हाच आहे. क्षमा मागायची ज्याला दुखवलं त्याच्याकडे, आणि द्यायची त्यानेच. तिच्या वतीने चार जणांनी दिली तर तिला क्षमा म्हणत नाहीत, तिला दडपणं म्हणतात.

म्हणून या पुस्तकावरचं माझं मत असं. अनुक्रमणिका सुधारली, रकाने बरेचसे जुनेच राहिले. दुसऱ्या लग्नाचा रकाना आणि 'नेहमीच्या व्यवहारां'चं माप बदलायला हवं, आणि ते मागायला कायद्याची पदवी लागत नाही. पण तोवर एक गोष्ट आपल्या हातातली आहे. अदखलपात्र हा शब्द पोलिसांपुरता आहे. शेजारणीला तो लागू होत नाही, सासूला लागू होत नाही, महिला मंडळालाही नाही. पुढच्या वेळी कुणा पोरीच्या दारात पंच बसले, तर आपल्यातल्या दोघींनी उठून आत जावं आणि तिलाच विचारावं, बाई गं, तुला काय वाटतं?